३५० च्या शेव्हेलवर ७५० डबल पंपर का गुदमरतो, आणि त्याऐवजी काय लावून कसं ट्यून करायचं

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत १९७० ची शेव्हेल मालिबू आहे. ३५० घनइंचाचं (५.७ लिटर) व्ही-८ इंजिन, टर्बो हायड्रामॅटिक ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल ३.०८ चा (चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे ३.०८ फेरे). आधीच्या मालकाने माफक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; ०.०५० इंच लिफ्टला २१८ अंश), हेडर्स (मोकळे एक्झॉस्ट पाइप), ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड आणि हॉलीचा ७५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) डबल पंपर कार्ब्युरेटर बसवलाय. सिग्नलवरून सुटताना पाय दाबला की गाडी आधी गुदमरते, मग एकदम उसळते. आयडलिंगला पेट्रोलचा वास, प्लग काळे, गॅलनला आठ मैल. कार्ब्युरेटर बदलावा की हाच ट्यून करावा?

बदला. हा कार्ब्युरेटर वाईट नाही, पण तो दुसऱ्या गाडीसाठी आहे. मॅन्युअल गिअरबॉक्स, ४.१० चा अ‍ॅक्सल, तिखट कॅम आणि सहा हजारांच्या वर फिरणारं इंजिन असेल तर तो झकास चालतो. तुमच्याकडे वजनदार गाडी, ऑटोमॅटिक आणि ३.०८ आहे. यावर जेट (पेट्रोल मापून सोडणारी भोकं) बदलत बसलात तर एक तक्रार कमी होईल आणि दुसरी डोकं वर काढेल.

आधी हिशोब करू. इंजिनाला किती हवा लागते याचं सूत्र सोपं आहे: घनइंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६, आणि येईल त्याला इंजिनाच्या भरण्याच्या क्षमतेने गुणायचं. रस्त्यावरच्या चांगल्या ३५० ला ही क्षमता ८५ टक्के धरा. तुमचा कॅम ५५०० च्या आसपास दम सोडतो, तरी ६००० धरू. ३५० × ६००० ÷ ३४५६ म्हणजे ६०८, त्याचे ८५ टक्के ५१६ सीएफएम. म्हणजे पूर्ण जोरातही इंजिन मिनिटाला सव्वापाचशे घनफूटांच्या पुढे जात नाही. ६०० चा कार्ब्युरेटर पुरून उरतो.

नुसत्या या आकड्यावरून ७५० का गुदमरतो ते कळत नाही. त्यासाठी खालच्या टोकाचा हिशोब करा. १५०० आरपीएमला पाय जमिनीला टेकवला तर इंजिन मागतं फक्त १३० सीएफएम. डबल पंपरमध्ये मागची दोन दारं पायाशी थेट जोडलेली असतात, त्यामुळे त्या क्षणी ७५० सीएफएमची चारही भोकं सताड उघडतात. हवेचा वेग कोसळतो. व्हेंचुरीतला, म्हणजे भोकाच्या अरुंद गळ्यातला, बूस्टर पेट्रोल ओढतो तो हवेच्या वेगामुळेच. वेग नाही तर ओढ नाही, ओढ नाही तर पेट्रोल नाही. या खड्ड्यावर पूल म्हणून दोन अ‍ॅक्सिलरेटर पंप पेट्रोलची पिचकारी मारतात. हलकी गाडी आणि मोठ्या आकड्याचा अ‍ॅक्सल असेल तर पिचकारी संपायच्या आत इंजिन वर चढलेलं असतं. ३.०८ वर ते चढत नाही. पिचकारी संपते, इंजिन गुदमरतं, मग वेग जमला की उसळतं. तुमची तक्रार शब्दशः हीच आहे.

म्हणून तुमच्यासाठी व्हॅक्यूम सेकंडरी. यात मागची दारं पायाने उघडत नाहीत. पुढच्या व्हेंचुरीतून हवा जोरात जायला लागली की तिथला व्हॅक्यूम एका डायाफ्रामला ओढतो आणि इंजिनाला लागेल तितकीच दारं उघडतात. १९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ च्या ३०२ घनइंच इंजिनावर शेव्हरोलेने ७८० सीएफएमचा हॉली दिला होता, आणि तो चालायचा, कारण त्याच्या सेकंडरी व्हॅक्यूमवर होत्या. उलट तुमच्याच वर्षीच्या शेव्हेलमधलं एलएस६, म्हणजे ४५४ घनइंच आणि ४५० अश्वशक्ती, त्यालाही कंपनीने ७८० च दिला. १०० घनइंच लहान इंजिनावर ७५० चा डबल पंपर लावताना लोकांनी हे एकदा तरी आठवावं.

आकडे वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चार दारांचे कार्ब्युरेटर १.५ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, दोन दारांचे ३ इंचावर. त्यामुळे '५०० सीएफएम टू बॅरल' हा चार दारांच्या मापात साधारण ३५० च असतो. तुलना करताना इथे बरेच जण फसतात.

आता निवड. तीन पर्याय खरे आहेत.

पहिला हॉलीचा ६०० व्हॅक्यूम सेकंडरी: हाताच्या चोकचा १८५०, इलेक्ट्रिक चोकचा ८०४५७. भाग कुठेही मिळतात, आणि जेट, पॉवर व्हॉल्व्ह (जोर पडला की जादा पेट्रोल सोडणारा), पंप, सेकंडरीची स्प्रिंग असं सगळं बदलता येतं. वैगुण्य एवढंच की बाऊलची (पेट्रोल साठवणाऱ्या डबीची) गॅस्केटं पेट्रोलच्या पातळीच्या खाली असतात, त्यामुळे जुनी झाली की पाझरतात.

दुसरा एडेलब्रॉकचा ६०० सीएफएम, १४०५ किंवा १४०६. हे मूळ कार्टरच्या एएफबीचं रूप. अंगाने दोनच मोठे तुकडे, पातळीखाली गॅस्केट नाही, म्हणून गळत नाही. १४०५ ला पुढचे जेट ०.१०० इंच आणि रॉड (जेटमध्ये वरखाली होणारी सळई) ०.०७० × ०.०४७, १४०६ ला जेट ०.०९८ आणि रॉड ०.०७५ × ०.०४७. म्हणजे १४०६ क्रूझिंगला मुद्दाम लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवलाय. कॅम बदललेल्या इंजिनावर तो डब्यातून काढून तसाच लावला तर हलक्या पायाला हिसके देतो, आणि लोक 'एडेलब्रॉक बेकार' म्हणून मोकळे होतात. वरची एक छोटी झाकणी सैल करून रॉड आणि स्प्रिंग पाच मिनिटांत बदलता येतात, कार्ब्युरेटर उघडावा लागत नाही. बसवायचा आणि चालवायचा, फार छेडछाड नको, असा स्वभाव असेल तर हा घ्या.

तिसरा रॉचेस्टर क्वाड्राजेट. चार दारांचं ३५० घेतलं असतं तर कारखान्यातून तुमच्या गाडीवर हाच आला असता. पुढची भोकं जेमतेम ३५ मिलिमीटर, मागची ५७. रोजच्या चालवण्यात छोट्या भोकांतून हवा जोरात जाते, पिकअप स्वच्छ आणि पेट्रोल बेताचं. पाय दाबला की मागे ७५० सीएफएमपर्यंत जागा. रस्त्यासाठी या तिघांत माझ्या मते हाच सरस. पण चांगला मिळाला तर. जुन्याचे तीन रोग ठरलेले: तळाच्या विहिरींचे प्लग गळतात आणि गाडी उभी असताना बाऊल रिकामा होतो, फोमचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि ओव्हरफ्लो होतो, पुढच्या थ्रॉटल शाफ्टची भोकं झिजून तिथून एअर घेतो. प्लगवर इपॉक्सी, नवा फ्लोट आणि शाफ्टला पितळी बुश, हे झालेलं नसेल तर हात लावू नका. शिवाय याची भोकं असमान असतात, म्हणून मॅनिफोल्ड स्प्रेडबोअर लागतो. तुमचा ड्युअल प्लेन दोन्ही नमुने घेणारा असेल तर ठीक. क्वाड्राजेटच्या मॅनिफोल्डवर पातळ अ‍ॅडॅप्टर प्लेट टाकून हॉली बसवणं टाळा. गॅस्केटची कड उघडी राहून एअर घेण्याची ती हमखास जागा.

पुढचं सगळं मी ६०० हॉली धरून लिहितो. एडेलब्रॉकमध्ये जिथे फरक आहे तिथे सांगेन.

बॉक्स उघडण्याआधी इग्निशन. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तक्रारी टायमिंगच्या असतात. डॅम्परचं (क्रँकच्या टोकावरच्या चकतीचं) बाहेरचं कडं जुन्या रबरावरून सरकलेलं असू शकतं, तेव्हा टायमिंगची खूण खोटं बोलते. एक नंबरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावून खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असतानाची जागा) शोधा आणि खूण पडताळा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे ओढणाऱ्या डबीची) नळी काढून तोंड बंद करा. आयडलिंगला १० ते १२ अंश, ३००० आरपीएमच्या आसपास एकूण ३४ ते ३६. पॉइंट असतील तर ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) ३० अंश, प्लगची गॅप ०.०३५ इंच. कोणी एचईआय (बिनपॉइंटचा इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर टाकला असेल तर त्याची वायर बघा: पॉइंटची जुनी रेझिस्टन्स वायर तशीच ठेवलेली असते आणि पूर्ण १२ व्होल्ट पोचतच नाहीत. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. ५ आणि ७ एकामागोमाग पेटतात आणि शेजारी बसतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना खेटून नेऊ नका.

मग व्हॅक्यूमची गळती. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या कडांवर, कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि नळ्यांवर न पेटवलेल्या प्रोपेनची बारीक धार फिरवा. जिथे आरपीएम बदलतो तिथे एअर घेतोय. गरम हेडर्सवर फवारा मारू नका, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. ब्रेक बूस्टरची, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ ओढणारी) आणि गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरची अशा तिन्ही नळ्यांना मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम लागतो. मॉड्युलेटरची नळी तडकली तर गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात, शिवाय इंजिन लीन होतं. टर्बो ३५० च्या किकडाऊन केबलचा ब्रॅकेट नव्या कार्ब्युरेटरला जुळतोय का तेही बघून घ्या. कोणी पुढे ७००आर४ गिअरबॉक्स टाकला असेल तर ही बाब गंभीर होते, कारण त्याची केबल तेलाचा दाब ठरवते. लिव्हरची भूमिती चुकली तर गिअरबॉक्सचे क्लच जळतात. त्यासाठी वेगळा ब्रॅकेट मिळतो, तो घ्याच.

बसवताना बुडाचे नट आडवेतिडवे, थोडेथोडे करून ६० ते ८० इंच-पाउंडापर्यंतच आवळा. हे फुट-पाउंड नव्हेत. जोर लावला की बुडाची प्लेट वाकते आणि मग थ्रॉटलचे शाफ्ट अडकतात. पेट्रोलचा दाब गेजवर बघा: हॉलीला ६ ते ७ पीएसआय चालतो, एडेलब्रॉकला ६ च्या आत ठेवा. त्याच्या वर गेला की निडल बसत नाही आणि बाऊल भरून वाहतो. काचेचा फिल्टर हेडर्सजवळ लावलेला असेल तर आजच काढा. रबरी पाइप इथेनॉल चालणारे हवेत, त्यांच्या अंगावर ३०आर७ किंवा ३०आर९ छापलेलं असतं.

फ्लोटची पातळी सगळ्यांत आधी, कारण पुढची प्रत्येक गोष्ट तिच्यावर अवलंबून आहे. बाऊलच्या बाजूचा प्लग काढा (नव्यांना काच असते). सपाट जागी, इंजिन आयडलिंगला असताना पेट्रोल भोकाच्या खालच्या ओठाला टेकलं पाहिजे. गाडी हलवली तर थेंब निसटावा, आपोआप वाहू नये. दुरुस्त करायला इंजिन बंद करा, वरचा लॉक स्क्रू सैल करा, खालचा षटकोनी नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की पातळी खाली, उलटा फिरवला की वर. एका वेळी षटकोनाची एक बाजू, त्याहून जास्त नको. पंप चालू असताना लॉक स्क्रू कधीही सैल करू नका. पेट्रोलचं कारंजं थेट गरम मॅनिफोल्डवर उडतं. एडेलब्रॉकमध्ये झाकण काढावं लागतं: झाकण उलटं धरून गॅस्केट ते फ्लोट ७/१६ इंच, आणि फ्लोट लोंबल्यावर १५/१६ ते १ इंच.

आता खरी गोम: ट्रान्स्फर स्लॉट. थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला, भोकाच्या भिंतीत एक उभी बारीक चीर असते. आयडलिंगवरून पाय किंचित दाबला की पाकळी या चिरेवरून सरकते आणि चिरेतून पेट्रोल येतं. मुख्य जेट सुरू होईपर्यंतचा सगळा भार हिच्यावर. आयडलिंगला पाकळीच्या खाली ही चीर फक्त चौकोनी तुकड्याइतकी दिसायला हवी, म्हणजे ०.०२० ते ०.०४० इंच, अर्धा ते एक मिलिमीटर. कार्ब्युरेटर बसवायच्या आधी तो उलटा करा, उजेडात धरा आणि आयडलचा स्क्रू फिरवत ही चीर चौकोनी करा. एवढं एकच काम टेबलावर केलं तर पुढचे दोन शनिवार वाचतात.

कॅम बदललेल्या इंजिनात नेमकं काय होतं? टायमिंग कमी असतं, इंजिन आयडलिंगला टिकत नाही, म्हणून माणूस आयडलचा स्क्रू आवळत जातो. पाकळी वर सरकते, चीर अर्धीअधिक उघडी पडते, तिच्यातून आयडलिंगलाच पेट्रोल वाहायला लागतं. मग मिक्श्चरचे स्क्रू पूर्ण आत घेतले तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. प्लग काळे, डोळे झोंबणारा वास. आणि पाय दाबल्यावर चिरेत द्यायला काही शिल्लकच नसतं, म्हणून सुटताना खड्डा. तुमच्या तक्रारीतला दुसरा अर्धा भाग बहुधा इथेच आहे. कार्ब्युरेटर न काढता तपासायचं असेल तर पोर्टेड स्पार्कच्या (थ्रॉटलच्या पाकळीच्या वरून निघणाऱ्या) नळीवर गेज लावा: आयडलिंगला तिथे व्हॅक्यूम दिसला तर पाकळी जास्त उघडी आहे.

उपाय क्रमाने. आधी सुरुवातीचं टायमिंग वाढवा. मग व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स पोर्टेडऐवजी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर द्या. आयडलिंगला दहा-बारा अंश आणखी मिळतात, आरपीएम वाढतो आणि पाकळी बंद करता येते. तेवढ्याने भागलं नाही तर सेकंडरीच्या पाकळ्यांचा छोटा स्क्रू (हॉलीत बहुतेक वेळा खालून मिळतो) पाव आटा उघडा, म्हणजे लागणारी हवा मागून येईल. पाकळ्यांना भोक पाडणं हा शेवटचा उपाय. २१८ अंशांच्या कॅमला त्याची गरज पडू नये.

आयडलिंग लावताना इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. जोराने टेकवले तर टोकाला कडं पडतं आणि तो स्क्रू पुन्हा कधी नीट लागत नाही. मॅनिफोल्डवर व्हॅक्यूम गेज. एक स्क्रू पाव आटा, मग दुसरा पाव आटा, जिथे काटा सर्वांत वर तिथे थांबा. आरपीएम वाढला असेल तर आयडलचा स्क्रू सैल करा आणि मिक्श्चर पुन्हा बघा. ड्राइव्हमध्ये ७०० ते ७५० ठेवा. त्यासाठी कोणीतरी आत बसून ब्रेक दाबलेला हवा, आणि गाडीच्या पुढे कोणी उभं राहू नये. शेवटी दोन्ही स्क्रू साधारण सारख्याच आट्यांवर येतात. एक एका आट्यावर आणि दुसरा अडीचवर जात असेल तर एका बाजूचा रस्ता तुंबलाय किंवा त्या बाजूला गळती आहे.

ड्राइव्हमध्ये दिसणारा व्हॅक्यूम लिहून ठेवा, पॉवर व्हॉल्व्ह त्यावरून निवडायचा. नियम असा: त्या आकड्याचा अर्धा. १३ इंच आला तर ६.५, आणि हॉलीत तोच येतो. ९ आला तर ४.५. यापेक्षा बऱ्याच मोठ्या नंबरचा असेल तर आयडलिंगलाच उघडून पेट्रोल ओतू शकतो. फुटलेला ओळखायचा असेल तर मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू टेकवा. बूस्टरमधून थेंब पडत नसताना आणि चीर बरोबर असतानाही इंजिन आरामात चालत राहिलं तर संशय त्याच्यावर. बॅकफायरने तो फुटतो हे जुन्या कार्ब्युरेटरांबाबत खरं आहे. हॉलीने १९९२ पासून बुडात चेक बॉल दिलाय. व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग ठोकायचा आणि जेट सहा-आठ नंबरांनी वाढवायचे, हा सल्ला ड्रॅग स्ट्रिपवरून आलाय. रस्त्यावर त्याने क्रूझिंगला नुसतं पेट्रोल जळतं. एडेलब्रॉकमध्ये हेच काम रॉडखालची स्प्रिंग करते: निळी ३ इंच, पिवळी ४, केशरी ५ (मूळची), गुलाबी ७, बिनरंगी ८. गाडी क्रूझिंगला हिसके देत असेल पण किंचित जास्त पाय दिल्यावर सुधारत असेल तर एक पायरी वरची स्प्रिंग लावून बघा.

अ‍ॅक्सिलरेटर पंपात दोन मापं. थ्रॉटल बंद असताना लिव्हर हलवला की त्याच क्षणी नोझलमधून धार आली पाहिजे. जराही ढिलाई नको. आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असताना पंपाचा दांडा हाताने आणखी ०.०१५ इंच खाली जायला हवा, नाहीतर डायाफ्राम फाटतो. गुदमरणं लीन की रिच हे आवाजावरून कळतं. कार्ब्युरेटरमधून 'फट्' करून उलट खोकला आला तर लीन. नोझल २५ वरून २८, मग ३१. मागून काळा धूर आणि आळसावलेला सुस्तपणा असेल तर रिच. नोझल लहान करा. नोझलचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास हजारांश इंचात. एडेलब्रॉकच्या पंपाच्या दांड्याला तीन भोकं असतात, दुवा खिळीच्या (दांडा जिच्यावर फिरतो तिच्या) जवळच्या भोकात घातला की पंपाचा फेरा वाढतो.

सेकंडरीची स्प्रिंग लावायला साधी पेपरक्लिप पुरते. डायाफ्रामच्या दांड्यावर, डबीच्या तळाला टेकेल अशी ती खोचा. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पाय देऊन एक धाव काढा आणि बॉनेट उघडा. क्लिप जितकी खाली सरकली तितकी दारं उघडली. हललीच नसेल तर स्प्रिंग जड आहे, किंवा डायाफ्राम फाटलाय, किंवा त्याचं कॉर्क गॅस्केट भोकावर नीट बसलं नाही. हलक्यापासून जडपर्यंत क्रम: पांढरी, छोटी पिवळी, पिवळी, जांभळी, बिनरंगी, तपकिरी, काळी. एकेक पायरी हलकी करत जा. ज्या स्प्रिंगला मध्येच झटका किंवा क्षणभर खड्डा जाणवेल, तिच्या एक पायरी मागे या. तुमच्या वजनाच्या गाडीला बिनरंगी किंवा जांभळी जमावी. सेकंडरी उघडल्याचा 'दणका' जाणवला म्हणजे गाडी पळते, हा गैरसमज. दणका म्हणजे त्याआधी पडलेला खड्डा. दारांना स्क्रू ठोकून ती पायाशी जोडणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका, त्याने तुमचा जुना रोग परत येतो.

जेट सगळ्यांत शेवटी. क्रूझिंग पुढच्या जेटवर ठरतं, पूर्ण जोर पॉवर व्हॉल्व्ह आणि मागच्या बाजूवर. १८५० ला पुढे ६६ नंबरचे जेट येतात आणि मागे जेटऐवजी ठरावीक भोकांची प्लेट. हॉलीच्या जेटचा नंबर व्यास नव्हे, एडेलब्रॉकचा मात्र थेट व्यास. जेटला ड्रिल लावू नका. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) बसवा: हेडर्सचे पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या मागे, आणि आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर, म्हणजे पाणी त्यात साचणार नाही. आयडलिंगला १३.५ ते १४, ताशी ६० मैलांच्या क्रूझिंगला १४ ते १४.७, पूर्ण जोरात १२.५ ते १२.८. बदल दोन नंबरांचा करा आणि एका वेळी एकच.

सेन्सर डोळे झाकून मानू नका. प्लग काळा पडून एखादा सिलिंडर मिस मारायला लागला की न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि काटा 'लीन' दाखवतो, तर इंजिन खरं म्हणजे पेट्रोलात बुडालेलं असतं. हेडरच्या गॅस्केटची गळतीही हेच करते. काटा आणि प्लग एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर प्लगवर विश्वास ठेवा. डोंगरात न्यायची असेल तर दर २००० फुटांना साधारण एक नंबर जेट खाली. डेन्व्हरच्या उंचीला दोन-तीन नंबर.

चोकचं फार नाही. इलेक्ट्रिक चोकला इग्निशन चालू असतानाच मिळणारे पूर्ण १२ व्होल्ट द्या, पण कॉइलवरून वायर ओढू नका. इंजिन गार असताना पाकळी जेमतेम मिटेल इतकी टोपी फिरवा, फास्ट आयडल १५०० ते १८००.

दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लवकर उकळतं. उन्हाळ्यात गाडी बंद करून वीस मिनिटांनी स्टार्ट घेत नसेल आणि वास येत असेल, तर बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. कार्ब्युरेटरखाली अर्धा इंचाचा फिनॉलिक स्पेसर टाका आणि पेट्रोलची नळी हेडर्सपासून दूर न्या. स्पेसर टाकल्यावर एअर क्लीनरच्या नटावर मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट अलगद मिटा. किती जागा उरते ते गोळा सांगतो. पंपाचा डायाफ्राम इथेनॉल चालणारा घ्या, जुन्या काळ्या रबराचा कडक होऊन तडकतो.

आणि न्यू जर्सीच्या थंडीत गाडी महिनोन्महिने उभी राहणार, तर ठेवण्याआधी टाकीत स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे तो बाऊलपर्यंत पोचेल. एप्रिलमध्ये स्टार्टर घासत बसू नका. लांब चोचीच्या बाटलीने पुढच्या बाऊलच्या व्हेंट नळीतून थोडं ताजं पेट्रोल आत सोडा, पाय दोनदा दाबून सोडा, मग चावी फिरवा. इंजिन लागल्यावर बॉनेट मिटण्याआधी बाऊलच्या गॅस्केटांच्या कडेने कोरडं बोट फिरवून बघा. हिवाळ्यात आकसलेली गॅस्केटं पहिल्याच दिवशी पाझरतात, आणि बहुतेक वेळा बाऊलचे चार स्क्रू हलकेच पाव-पाव आटा आवळले की थांबतात.